मशीनवरची छत्री

भर वैशाखात, डांबर चपलेला चिकटत असताना, बिरामामा हातात उघडी छत्री घेऊन उन्हात उभे असायचे. छत्री त्यांच्या डोक्यावर नसे. ती भिंतीत बसवलेल्या एका लोखंडी पेटीवर धरलेली असे. येणारा-जाणारा थांबून विचारी, "मामा, ऊन तुम्हाला लागतंय का पेटीला?" मामा गंभीरपणे म्हणत, "टेक्निकल मॅटर हाय. तुला न्हाई कळायचा."

शिरूरहून न्हावऱ्याकडं जाताना आमच्या घरासमोरच बिरामामांचं वॉशिंग सेंटर होतं. मी तेव्हा पुढच्याच एका गावात शाळामास्तर होतो. माझी स्कूटर मामांकडं धुवायला असे, म्हणजे धुऊन होईपर्यंत मी गप्पा मारायला असे. सेंटर म्हणजे एक सिमेंटचा रॅम्प, पाण्याची टाकी, पंपाची खोली आणि त्या खोलीच्या भिंतीला टेकून एक स्टूल. त्या स्टुलावर मामांची बायको, ठकूमामी, बारा वर्षं बसत आली होती. पैसे घ्यायचे काम तिचं. पण ते निमित्त. दौंड ते शिरूर या पट्ट्यात कुणाची सोयरीक जुळली, कुणाचा ट्रॅक्टर उसाच्या सरीत रुतला, कुणाच्या सासूनं कुणाचं तोंड बंद केलं, हे सगळं त्या स्टुलावर आधी पोचायचं आणि मग गावात जायचं. मामीला सदा खोकला असे. लांबून खोकला ऐकू आला की समजायचं, सेंटर उघडं आहे. आम्ही त्याला मामीचा हॉर्न म्हणायचो. मीच म्हणायचो, खरं तर. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मामा भोसरीच्या भंगारवाल्याकडून एक मशीन घेऊन आले. कुठल्या तरी परदेशी यंत्राचं ते तोंड होतं. त्याच्या फटीत नोट घातली की ते घर्रर्र करून नोट आत ओढायचं. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका कारागिरानं त्याला आपली दहाची नोट ओळखायला शिकवलं होतं आणि पंपाला वायर जोडून दिली होती. दहाची नोट घाला, पंप पाच मिनिटं चालणार, फवाऱ्याची गन हातात घ्या, आपली गाडी आपण धुवा. मामांनी पाटी रंगवून घेतली: 'स्वयंसेवा गाडी धुलाई'.

मामीनं पाटी पाहिली, मग आपलं स्टूल पाहिलं.

"म्हंजी मी काय करायचं?"

"तू घरी बसायचं. जमाना बदललाय."

"जमाना बदलला आसंल, पाणी बदललंय व्हय?" मामी कडाडली. "हिथं दिवसभर फवारा उडतो. तुमच्या ह्या डब्याच्या नाकातोंडात पाणी गेलं की झोपलं ते. पावसाळा काढतंय का बघा!"

"काढंल."

"दसऱ्यापत्तूर चाललं तर मी स्टूल सोडलं. न्हाई चाललं तर मशीन भंगारात आन् मी माझ्या जाग्यावर. गुरजी, तुम्ही साक्षीला."

असा मी उगाच साक्षीदार झालो. मामी रस्त्यापलीकडं आपल्या घराच्या ओट्यावर जाऊन बसली आणि कुस्तीतला पैलवान समोरच्याकडं बघतो तशी मशीनकडं बघत राहिली.

मामांची झोप उडाली ती त्या दिवसापासून. गाडी धुण्याच्या धंद्यात पाणी हेच भांडवल, आणि मामांनी पाण्याशीच वैर धरलं. "गुरजी, पाणी लई चोर," ते म्हणायचे. "दारातनं येत न्हाई, फटीतनं येतं." मग त्यांनी फटी बुजवायला घेतल्या. पेटीच्या डोक्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वळचण काढली. तोंडावर सायकलच्या ट्यूबची झडप लावली. नोट आत गेली की झडप आपोआप पडायची. वायर वरून यायची ती खालून वळवून आणली, म्हणजे थेंब वायरीवरून घसरत आला तरी वळणावरच खाली पडावा. पेटीच्या आत पिल्लांच्या पोल्ट्रीत लावतात तसला बल्ब लावला, ऊब राहावी म्हणून. बुटाच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या निघतात, त्या त्यांनी माझ्या अख्ख्या शाळेकडून मागवल्या. आमच्या शाळेत बूट घालणारे तिघेच, त्यामुळं पुड्याही तीनच आल्या. त्या मामांनी प्रसादासारख्या दोन्ही हातांनी घेतल्या.

आभाळ भरून आलं की वर घोंगडी. मामांचे वडील वडगाव रासाईच्या नदीकाठानं मेंढरं राखत. त्यांची ती घोंगडी, इतकी घट्ट विणलेली की भर पावसात ती पांघरून बसलं तरी आतली काडेपेटी कोरडी राहायची. घरात तिला कुणी हात लावायचा नाही. ती घोंगडी आता मशीनच्या अंगावर आली.

एवढ्यानं भागलं असतं तर ते बिरामामा कसले! बैलाला शेजारच्याच्या पिकात तोंड घालता येऊ नये म्हणून दावं मोजून बांधतात, तशी त्यांनी पाण्याची गन दोरीनं बांधली. फवारा मशीनपर्यंत पोचणार नाही एवढीच ती फिरायची. म्हणजे गाडीची अर्धी बाजूच धुतली जायची. मग गाडी काढायची, वळवायची, उलटी घालायची. एकदा एक नवरदेवाची जीप आली. घाईत होती. अर्धी धुऊन तशीच लग्नाला गेली. डावीकडून बघणाऱ्यांना नवरा श्रीमंत दिसला, उजवीकडून बघणाऱ्यांनी मुलीच्या बापाची कीव केली.

नोटांचाही छळ होता. आमच्याकडची नोट बंडीच्या आतल्या खिशात घामाघूम होऊन पडलेली, तंबाखूच्या पुडीशेजारी नांदलेली. मशीन ती तोंडात घ्यायचं आणि थुंकायचं. मामांनी दुसरी पाटी लावली: 'हात पुसा. नोट पुसा. मग आत घाला.' खिळ्याला टॉवेल अडकवला. तरी नोट ओली असली तर मामा स्वतः ती कोळशाच्या इस्त्रीखाली घालून, कडक करून द्यायचे. आधी मामी एका हातानं पैसे घ्यायची तेव्हा मामा निवांत असायचे. आता सगळं आपोआप झाल्यापासून त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

ओट्यावरून मामी ओरडायची, "अवं, स्वयंसेवा म्हंजी तुमीच सोताची सेवा करायची व्हय?"

आणि खोकायची.

आखाड लागला. पाऊस झाला, वारं सुटलं, आणि मशीन चाललं. नुसतं चाललं नाही, सुधारलं. घडी घातलेली नोट घेऊ लागलं. ओली नोट घेऊ लागलं. तंबाखूचा वास येणारी नोट तर जरा जास्तच आवडीनं घेऊ लागलं. गावात मशीनचं नाव झालं. एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याला नारळ फोडला. मी मामांचं कौतुक करायला गेलो, तर मामाच दिसेनात. विचारलं की मामी ओट्यावरून सांगे, "दौंडला गेल्यात. मशीनचा पार्ट आणाया." दुसऱ्या दिवशी दौंडला. तिसऱ्या दिवशी दौंडला. त्या पावसाळ्यात मामा जितक्या वेळा दौंडला गेले तितक्या वेळा रेल्वेसुद्धा गेली नसेल.

मला दोन गोष्टी जरा खटकल्या होत्या. एक म्हणजे दुपारी एक ते दीड मशीन नोट घेत नसे. मी म्हटलं, तापत असेल. दुसरी म्हणजे त्याचा आवाज. आधी ते कोरडं घर्रर्र करायचं, आता त्यात जरा वडगावचा हेल आल्यासारखा वाटे. पण मास्तर माणूस, मुलांच्या प्रगतिपुस्तकात बुडालेला. मी दुर्लक्ष केलं.

मग भाद्रपदातल्या एका सकाळी मी दहाची नोट झडपेत सरकवली. मशीन घर्रर्र म्हणालं. नोट आत गेली. आणि मग मशीन शिंकलं.

एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या शिंकेनंतर मशीन म्हणालं, "आयला."

मी भिंतीला वळसा घालून पंपाच्या खोलीत शिरलो. आत बिरामामा उपड्या बादलीवर बसले होते. पेटीमागचं सगळं यंत्र काढून टाकलेलं, भिंतीला नुसतं भोक. मामांच्या एका हातात माझी नोट, दुसरा हात पंपाच्या बटणावर. छपरातून थेंब थेंब गळत होतं आणि मामांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. मशीनचं खरं काळीज कोपऱ्यात तांदळाच्या डब्यात पुरलेलं होतं. ओल निघेल म्हणून.

मी हसत सुटलो. हसता हसता भिंतीला धरून खाली बसलो. मामांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आधी बटण दाबलं, कारण माझी पाच मिनिटं सुरू झाली होती.

"कधी मेलं?" मी कसंबसं विचारलं.

"आखाडातच. मी म्होरं छत्री धरून पहारा देत हुतो. मोटर बंद करायची राहिली, टाकी भरून वाहिली आन् पाणी मागच्या भिंतीतनं आलं. सांगितलं हुतं ना, पाणी लई चोर."

"मग हरलात म्हणा की, मामा! बायकोशी कसली एवढी ईर्षा? बसू द्या मामीला स्टुलावर."

मामा हसले नाहीत. बाहेर माझी गन जमिनीवर पडून चिखलात पाणी मारत होती, तिचा आवाज येत होता.

"चैतात डाक्टरकडं नेलं हुतं तिला," ते म्हणाले. "तो मला बाजूला घेऊन म्हणला, छाती ओलीनं गेलीय. आणखी दोन पावसाळे त्या फवाऱ्यात बसली तर आवघड हाय."

"मग तिला सांगायचं ना सरळ."

"सांगून बघितलं. म्हणली, डाक्टरला काय कळतंय. पत्रा टाकला, पोती बांधली, वारं आलं की फवारा आत. गुरजी, बारा वर्सं बसली ती तिथं. तू घरी बस म्हणलं तर म्हणंल, मला काढून टाकलं. मशीननं हरवलं तर सोसंल तिला. पैज लावलीया, शब्दाची पक्की हाय ती." मामांनी नाक पुसलं. "दसरा काढायचा फकस्त."

माझं हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही. एवढा वेळ मी ज्याला पेटीचं वेड समजत होतो, ती छत्री, तो बल्ब, ती बापाची घोंगडी, ते सगळं पेटीसाठी नव्हतंच. मी एवढंच म्हणालो, "मामा, हे कुणाला..."

"टेक्निकल मॅटर हाय," मामा म्हणाले आणि डोळे मिचकावले. तेवढ्यात फटीतून दुसऱ्या कुणाची तरी नोट डोकावली. मामांनी घर्रर्र केलं.

त्या दिवसापासून मीही खोटं बोलू लागलो. कुणी विचारलं की, "मामा? आत्ताच दौंडला गेले, मी पाहिलं ना." शाळेत जाता-येता रिकाम्या पेटीवर छत्रीही मीच उघडून अडकवत होतो. थेंब पडायला लागला की घोंगडीही चढवत होतो. आणि पंपाच्या खोलीच्या खिडकीत रोज दुपारी भाकरीचं फडकं ठेवलेलं असे. मामी ठेवून जाई. मालक दौंडहून आले की खातील म्हणे.

दसरा उजाडला. गाडी धुतल्याशिवाय तिची पूजा नाही, त्यामुळं सकाळपासून रांग लागलेली. ट्रॅक्टर, टेम्पो, जिपा, माझी स्कूटर. पहाटेपासून मशीन अखंड घर्रर्र करत होतं आणि त्याचा आवाज बसत चालला होता. मधेच ते खोकायचं. गाडीवाले हसायचे, म्हणायचे मशीन म्हातारं झालं.

बारीक भुरभुर सुरू होती. ठकूमामी नवं लुगडं नेसून, हातात ताट घेऊन रस्ता ओलांडून आली. तिनं पेटीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग पदराची गाठ सोडून दहाची नोट काढली, टॉवेलाला नीट पुसली आणि झडपेत सरकवली.

घर्रर्र. नोट आत गेली. आणि पाठोपाठ एक लांबलचक, ओला खोकला.

मामी तशीच उभी राहिली. त्या खोकल्याची जात तिच्याइतकी कुणाला माहीत असणार!

"चालतंय बाई मशीन," मामी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "गुरजी, तुम्ही साक्षीला हाय. मी हरले."

लोकांनी टाळ्या पिटल्या. मामीनं ताट माझ्या हातात दिलं. पेटीवरची घोंगडी काढून घेतली, झटकली, घडी केली आणि भिंतीला वळसा घालून पंपाच्या खोलीच्या अर्ध्या दारावर टाकली. आत डोकावून मात्र पाहिलं नाही. भाकरी ठेवतानाही तिनं कधी आत पाहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"मालक दौंडहून आले की सांगा," ती दाराकडं पाठ करून म्हणाली, "मशीनला काय व्हत न्हाई, पर आत लई ओल हाय. ही अंगावर घ्या म्हणावं."

ती रस्ता ओलांडून ओट्यावर जाऊन बसली. मी ताट धरून तिथंच उभा होतो. दारावरची घोंगडी जराशी हलली, आणि मग, नोट जायची तशी, हळूहळू आत ओढली गेली. त्या वेळी घर्रर्र असा आवाज मात्र आला नाही.