ह्यांचा करदोडा

मखमलाबादेत कुणालाही विचारा, कलाबाईला रडताना पाहिलंय का? नाही म्हणेल! सासू गेली, विहीर आटली, गारपिटीनं अख्खा झेंडू झोपला, पण माझ्या डोळ्यातून टिपूस नाही. म्हणून ह्यांच्या हृदयाचं निघालं तेव्हा कारभार मीच हातात घेतला.

ह्यांचं हृदय म्हणजे उधळलेलं खोंड! घटकेत धडधड, घटकेत गप्प, ताल म्हणून नाही. नाशकातला डॉक्टर म्हणाला, "आजी, मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर हृदयात न्यायची. वेडेवाकडे ठोके जिथून सुटतात तिथं आतूनच चटके द्यायचे."

"दुखणं छातीत आणि वाट मांडीतून? तुम्ही घोटीला उलटं चांदवडवरून जाता का हो?"

"छाती फाडण्यापेक्षा लांबची वाट बरी ना?"

पटलं मला. ह्यांना आत नेलं. माझी जाऊ चंद्रभागा बाहेर बाकड्यावर नाक ओढायला लागली.

"चंद्रभागे, रडायचं असेल तर रिक्षा कर आणि घरी जा! शोभा नको इथं."

बिचारीनं पदर तोंडात कोंबला.

बऱ्याच वेळानं एक सिस्टर घरी निघता निघता माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी देऊन गेली. "आजी, आतल्या बाबांचं सामान." बघते तर अंगठी, ताईत आणि करदोडा. कापलेला!

आता तुम्हीच सांगा. आमच्यात गड्याच्या कमरेचा करदोडा नवा बांधल्याशिवाय कधी निघत नाही. नुसता कापतात तो एकदाच, सरणावर ठेवताना!

"अगं आई गं! गेले गं माझे धनी!"

असा हंबरडा फोडला की समोरच्या माणसाच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर! चंद्रभागेला तर मोकळं रानच मिळालं. माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत रडत तिनं मोबाईल काढला. "अहो, भावजी गेले हो!"

तिचा नवरा निवृत्ती मार्केटला निघालेला. त्यानं झेंडूचा भरला टेम्पो तसाच वळवला. वर चार भाऊबंद, दोन बांबू, एक मडकं. सगळं घेऊन गडी थेट दवाखान्याच्या दारात! मडकं काखेत धरून तो वर आला आणि तेवढ्यात डॉक्टर बाहेर आला.

"मडकं कशाला?"

मी पिशवी त्याच्या नाकासमोर धरली. "हे कशाला कापलं मग?"

"अहो, नळी घालायची जागा तिथंच! आड येत होता. बाबा ठणठणीत आहेत!"

मटकन खालीच बसले. मेल्यांनो, आधी सांगायला काय झालं होतं?

डॉक्टर हसायला लागला. "आजी, चटके दिल्यावर आम्ही मुद्दाम वीज सोडून हृदयाला डिवचून बघतो, पुन्हा बिघडतंय का म्हणून. नेमका त्याच वेळी तुमचा आवाज आला. माझा ठोका चुकला. बाबांचा एकही नाही!"

एवढ्यात ह्यांची गाडी ढकलत बाहेर आणली. अर्धवट गुंगीत होते, पण जीभ जागी.

"चाळीस वर्षांची सवय हाय, डॉक्टर."

पाय हलवायचा नाही म्हणाला डॉक्टर, म्हणून निवृत्तीकडून मागवलेला नवा करदोडा ह्यांच्या मनगटाला बांधला. गाठ दोनदा मारली. मनगट जरा जास्तच वेळ धरून बसले. ताल धरला होता हो मेल्या खोंडानं!

आणि हो, मखमलाबादेत आता कुणालाही विचारू नका.