मन्मथअप्पांची खुर्ची

मन्मथअप्पा मास्तर खुर्चीवर बसत नसत. जमिनीवर मांडी घालून बसत, ओट्यावर बसत, बैलगाडीत तर धारूरपर्यंत बसून जात. खुर्ची दिसली की मात्र उभे. वर्गातली स्वतःची खुर्ची रोज सकाळी उपरण्यानं पुसायची आणि दिवसभर तिच्याशेजारी उभं राहून गणित शिकवायचं, हा त्यांचा शिरस्ता.

मी शाळेत नवा लागलो तेव्हा मला वाटलं, मूळव्याध असेल. मी बी.ए. आमच्या तलवाड्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. त्यामुळे काही विचारायची मला लाज नसे. सरळ विचारलं.

"मुस्तकिल झालो की बसू," ते म्हणाले. मुस्तकिल म्हणजे कायम. आम्हा सगळ्या मास्तरांचा करार वर्षाचा. दर उन्हाळ्यात शाळेची कमिटी तो पुन्हा करी, किंवा करीत नसे. "परक्याच्या खुर्चीत काहून बसायचं?"

हा नियम घरालाही लागू होता. भाड्याच्या खोलीत चूल नव्हती, गाठोडं बांधलेलंच. बायको धारूरला, सासूजवळ. "मुस्तकिल झालो की आणू." किती वर्षं झाली, विचारलं तर म्हणत, "तवाच्या पोरांची पोरं आता माझ्या वर्गात हायत."

त्या वर्षी आम्ही ठरवलं, सगळ्यांना कायम करा, नाहीतर सोमवारपासून शिकवणं बंद. परीक्षा तोंडावर होती. अर्ज मी लिहिला, आणि चांगलाच लिहिला. कमिटीचे अध्यक्ष देशमुख. त्यांनी बोलणी करायला मला आणि अप्पांना बोलावलं.

देशमुखांनी माझ्याकडं बघितलंही नाही. एक खुर्ची अप्पांपुढं सरकवली.

"बसा, अप्पा. तुमचं मुस्तकिल. बाकीच्यांचं पुढल्या साली बघू."

गणिताचा दुसरा मास्तर नव्हता. अप्पा बसले की आमचा संप तिथंच मोडला. अप्पांनी उपरणं काढलं. खुर्ची पुसली, पाठ, हात, पायसुद्धा.

"लई चांगली हाय," ते म्हणाले. "आता बाकीच्यांच्या बी मागवा, सरकार."

"आन् न्हाई मागवल्या तर?"

"तर सोमवारपासून घरीच उभा ऱ्हाईन."

देशमुख हसले नाहीत. पण त्यांचा मुलगा त्या वर्षी परीक्षेला होता, आणि गणितात कच्चा. रविवारी संध्याकाळी त्यांचा गडी सगळ्यांना कायम केल्याचे हुकूम घेऊन आला.

सोमवारी आम्ही सारे मास्तर अप्पांच्या वर्गापाशी लवकर जमलो. खुर्चीवर बसलेले अप्पा दिसतात कसे, ते बघायचं होतं. अप्पा आलेच नाहीत.

बुधवारी शाळेपुढं बैलगाडी थांबली. अप्पा उतरले, मागून त्यांची बायको, काकू. केस पिकलेले, पदर घट्ट धरलेला. अप्पांनी त्यांना थेट वर्गात आणलं आणि खुर्ची पुसली.

"बस."

"अवो, मास्तरांच्या खुर्चीत मी काहून?"

"बस गं. मी हितं उभा हुतो, पर भवती पोरं तरी हुती. तू तिकडं दारात एकलीच उभी हुतीस."

काकू काठावर टेकल्या. अप्पा सवयीनं शेजारी उभे राहिले. मग फळ्याकडं वळले, खडू टेकवला, आणि रोजच्यासारखं गणित मांडलं.