साहेबांचं कुलूप आणि बाबांचं दार

परदेशात लेकीकडे आठ महिने काढून सुतारबाबा परत आले, तेव्हा विमानतळावर त्यांना न्यायला कुणीच नव्हतं. म्हणजे बायको, मुलगा, सून सगळे फुलं घेऊन उभे होते, पण भलत्याच दारापाशी. बाबांचा फोन मान टाकून पडलेला. "मला काय स्वतःचं घर माहीत नाही?" असं पुटपुटत त्यांनी टॅक्सी केली.

रागाचं मूळ वेगळंच होतं. मुलाने फोनवर फर्मान सोडलं होतं, "बाबा, आलात की रंधा-करवत बंद. मी ऑफिसात साहेब झालो आणि तुम्ही लोकांची कपाटं ठोकताय, बरं दिसत नाही." रंध्याशिवाय बाबा म्हणजे बसून खाणारा पाहुणा, आणि पाहुणपण त्यांनी आठ महिने पुरेपूर भोगलं होतं. विमानात समोरच्या घडीच्या टेबलाची बिजागरी ढिली दिसली, तेव्हा त्यांनी हवाई सुंदरीकडे पेचकस मागितला. तिने घाबरून पाणी आणून दिलं.

घरी पोचले तर किल्ली लागेना. मुलाने कुलूप बदललं होतं.

"आमच्याकडे बसा ना. येतीलच ते," शेजारीण म्हणाली.

"माझं घर समोर असताना दुसऱ्याच्या खुर्चीत बसू? पेचकस आहे का तुमच्याकडे?"

"अहो, घर फोडताय की काय?"

"फोडतोय कशाला? दार मीच बसवलंय. कसं काढायचं ते मला ठाऊक आहे."

पेचकस मिळाला, हातोडी नव्हती; खलबत्त्यातल्या बत्त्यावर भागलं. दार बाहेर उघडणारं, त्यामुळे बिजागऱ्या बाहेरच होत्या. बाबांनी पिना उपसल्या, दार अलगद ओढून भिंतीला टेकवलं, बॅगा आत टाकल्या आणि मोकळ्या चौकटीत खुर्ची मांडून बसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात मंडळी परतली.

"बाबा, दार?"

"तुझं कुलूप शाबूत आहे. तपासून घे."

"मग लावा की परत," सून म्हणाली.

"ते सुताराचं काम. माझं बंद झालंय ना?"

मुलाने तीन सुतारांना फोन लावले. एक गावाला गेलेला, दुसरा परवा येणार होता. तिसरा म्हणाला, "तुमच्या वडिलांनी बसवलेलं दार? मग त्यांनाच विचारा. मी नाही हात लावणार."

मुलगा खुर्चीपाशी आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाबा, लावून टाका ना. आत्ता जिन्यात कुणी नाहीये."

"तर मग थांबू. लोक कामावरून यायची वेळ झालीच आहे."

बायको तडक आत गेली आणि माळ्यावर टाकलेली हत्यारांची पेटी घेऊन आली.

संध्याकाळी जिन्यात सगळे शेजारी जमले होते. ऑफिसच्या शर्टाच्या बाह्या सरसावून मुलगा ते जड दार दोन्ही हातांनी पेलून उभा होता, घामाघूम. बाबांनी एक डोळा मिटून बिजागरी पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, डावीकडून जरा वर घ्या."