अस्वलाची घरगाडी आणि उतारावरची सभा

एका जंगलात रस्ता एकच होता, पण त्यावर गतिरोधक सतरा होते. त्या जंगलात भिवाजीराव नावाचं एक अस्वल राहत होतं. बाळांनो, अस्वल म्हटल्याबरोबर आपापल्या मामांकडे बघू नका. ही गोष्ट आहे.

भिवाजीरावांना उतारवयात फिरायची हौस आली. त्यांनी वाडवडिलांची गुहा एका बिबट्याला देऊन टाकली आणि बदल्यात त्याची घरगाडी घेतली. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, चूल, आरसा आणि कोपऱ्यात चक्क संडास.

"आता आज इथं, उद्या तिथं!" भिवाजीराव म्हणाले.

"ते झालं," बायको हौसाबाई म्हणाल्या. "पण अहो, या संडासातलं जातं कुठं?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठं?"

"माणसांनी केलेली वस्तू आहे, हौसा. त्यांनी काहीतरी विचार केलाच असेल."

माणसांनी विचार केला होता, बाळांनो. गाडीच्या पोटाला प्लास्टिकची मोठी टाकी बसवली होती. सगळं तिच्यात साठायचं. दर आठवड्याला ती रिकामी करायची, एवढं एकच काम त्यांनी मालकावर सोडलं होतं. मालकानं ते माणसांवर सोडलं. असे तीन महिने गेले. टाकी तुडुंब झाली.

गाडी उभी होती पंचायतीच्या माळावर, उताराच्या वरच्या अंगाला. एके सकाळी सदू साळिंदर सावली बघून गाडीखाली झोपला. त्याला स्वप्न पडलं. स्वप्नात सासरा आला. सदूचे काटे ताडकन उभे राहिले आणि त्यातला एक टाकीत घुसला. सदू दचकून पळाला. काटा तिथंच राहिला.

काटा बुचासारखा बसला होता, म्हणून फक्त थेंब थेंब गळत होतं. पण तीन महिन्यांचा थेंब तो. वास थेट पंचायतीत पोचला आणि पंचायत थेट गाडीपाशी.

सरपंच होते रानडुक्कर दौलतराव. त्यांनी नाकाला फडकं लावून निकाल दिला.

"भिवाजीराव, आज सूर्य बुडायच्या आत टाकी नीट झाली पाहिजे. नाहीतर ही गाडी दरीत ढकलू."

भिवाजीरावांनी हौसाबाईंकडे पाहिलं. गुहेत बिबट्या नांदतोय. गाडीही गेली तर राहायचं कुठं?

"माझ्या माहेरी उंबराची ढोली आहे," हौसाबाई हळूच म्हणाल्या.

"चालेल की!"

"माझ्यापुरती आहे."

तेवढ्यात पंचायतीचे कारकून, वानर चिंतोपंत, कागद घेऊन पुढं झाले. पंचनामा करायचा होता. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं.

"हा काटा मुद्देमाल आहे. जप्त करावा लागेल."

"पंत, हात जोडतो," भिवाजीराव म्हणाले. "तो काटा आहे म्हणून तर निभावतंय."

"पुराव्याला हात लावायचा नाही!" असं म्हणून पंतांनी स्वतः हात लावला आणि काटा उपसला.

पिचकारी उडाली. रंगपंचमीला उडते तशीच, फक्त रंग एकच. कागद भिजला, पंत भिजले. पण पंत जुन्या वळणाचे. तोंड पुसायच्या आधी त्यांनी वेळ टिपून ठेवली.

भिवाजीराव धावले आणि त्यांनी भोकात आपलं बोट खुपसलं.

मग हौसाबाई यमुनाक्काला घेऊन आल्या. यमुनाक्का घोरपड होती. फुटक्या बादल्या, पिंपं, घमेली सांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं वास घ्यायला जीभ बाहेर काढली आणि तितक्याच वेगानं आत घेतली.

"भिवाजी, बोट काढ."

"काढलं तर गळेल, अक्का."

"गळणारच. भरल्या टाकीला ठिगळ बसत नाही, बाबा. ओल्यावर काही चिकटत नाही, अक्कलसुद्धा. टाकी रिकामी कर, धू, वाळव. मग मी सांधते."

"पण रिकामी करू कुठं?"

"ते मला नको, पंचायतीला विचार."

भिवाजीरावांनी पंचायतीला विचारलं. बाळांनो, आयुष्यात काही गोष्टी विचारू नयेत त्या याचसाठी. दौलतरावांनी तिथल्या तिथं सभा बोलावली. सभेची जागा उताराच्या पायथ्याशी होती, गाडीच्या बरोबर खाली. छान खोलगट, थंडगार.

"आरोपीनं सभेला हजर राहावं," पंतांनी पुकारा केला.

"माझं बोट अडकलंय, पंत!"

"बोटासकट या."

भिवाजीराव बोटासकट गेले. भोक मागं राहिलं.

सभा सुरू झाली. हरीण उठलं. "स्वच्छता हवीच. टाकी रिकामी झालीच पाहिजे. पण कुरणात नको." टाळ्या. ठराव मंजूर.

मगर म्हणाली, "माझाही पाठिंबा आहे. पण नदीत नको." टाळ्या. ठराव मंजूर.

ससा म्हणाला, बिळाजवळ नको. मोर म्हणाला, नाचायच्या जागी नको. घुबड म्हणालं, मी दिवसा बोलत नाही, पण माझ्या झाडाखाली नको.

भिवाजीरावांचं लक्ष उताराकडे होतं. गवतातून एक ओघळ सरसर खाली येत होता. ते घाबरून उभे राहिले.

"सरपंचसाहेब, तुमच्या मागं..."

"आरोपीनं पाळी आल्यावर बोलावं!"

ओघळ आणखी जवळ आला. भिवाजीराव पुन्हा उठले.

"साहेब, अगदी महत्त्वाचं..."

"इथं सगळंच महत्त्वाचं चाललंय. खाली बसा!"

हौसाबाईंनी त्यांचा केस ओढला. "बसा हो. इतकी शहाणी मंडळी जमलीत. त्यांना काय नाकं नाहीत?"

नाकं होती, पण सकाळपासून त्याच वासात मुरली होती. दुपार टळली. भिवाजीराव एकदा सूर्याकडे बघत, एकदा उताराकडे. शेवटी पंतांनी ठराव वाचून दाखवले आणि उठून जाहीर केलं, "जंगलातल्या सर्व जागा सुरक्षित झाल्या आहेत."

"सर्व?" दौलतरावांनी विचारलं. "एकही उरली नाही?"

"एक उरली. ही सभेची जागा. सगळ्यांची आहे ना, म्हणून तिच्या बाजूनं कुणी बोललंच नाही."

त्याच क्षणी दौलतरावांना बुडाखाली ओलसर लागलं. जात रानडुकराची. त्यांनी सुखानं डोळे मिटले. "वा!" म्हणाले. मग एक मोठा श्वास घेतला.

सभा इतक्या झटक्यात कधीच संपली नव्हती. अध्यक्षांचे आभार मानायलाही कुणी थांबलं नाही.

भिवाजीराव मात्र उलट्या दिशेनं पळाले, वर गाडीकडे. सूर्य पळसाच्या शेंड्यावर टेकला होता. यमुनाक्कानं टाकीवर टिचकी मारली. ठण्ण!

"रिकामी!" ती म्हणाली. "पंचायत कामाची आहे रे, भिवाजी. उगाच नावं ठेवतो आपण."

भिवाजीरावांनी बादल्यांवर बादल्या ओतून टाकी धुतली. हौसाबाईंनी सुपानं वारा घालून वाळवली. अक्कानं नखांनी भोकाभोवती खरवडून घेतलं आणि लोखंडी उलथणं चुलीत तापत ठेवलं.

"डिंक लावला तर लवकर होईल का?" भिवाजीरावांचा जीव सूर्यात अडकला होता.

"डिंक लाडूत घाल. प्लास्टिकला प्लास्टिकच लागतं. सोयरीक बघून करावी लागते."

तिनं फुटक्या बादलीचा तुकडा भोकावर धरला, तापल्या उलथण्यानं कडा वितळवून टाकीशी एकजीव केल्या आणि फुंकर मारली. मग टाकीत स्वच्छ पाणी भरलं. खाली सागाचं एक वाळकं पान ठेवलं. सगळे पानाकडे टक लावून बसले.

सूर्य बुडाला. पान वाळकंच राहिलं.

अंघोळ करून आलेल्या दौलतरावांनी पान उलटंपालटं करून पाहिलं. गाडी ढकलायला आणलेले दोन रेडे त्यांनी खट्टू होऊन परत पाठवले.

"या ना, आत बसा. चहा टाकते," हौसाबाई म्हणाल्या.

"आत नको," दौलतराव म्हणाले. "बाहेरच घेतो. उभ्यानं."

पंतांनी इतिवृत्त लिहिलं: 'सभेनं प्रदीर्घ विचारविनिमय करून टाकी यशस्वीपणे रिकामी केली.' दौलतरावांना शाल आणि नारळ मिळाला. यमुनाक्काचं नाव कुठंच नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "नाव आलं असतं तर पुढच्या सभेला बोलावलं असतं."

भिवाजीराव आता दर आठवड्याला लांब खड्डा खणून टाकी रिकामी करतात. सभेची जागा मात्र तीच आहे, कारण ती बदलायची तर सभा घ्यावी लागेल. त्या जागेचा वास अजून गेलेला नाही. त्यामुळे आता कुणी लांबण लावत नाही. ओढ्यावरच्या साकवाचा प्रश्न नऊ वर्षं लोंबकळत होता. तो परवा एका दमात सुटला. दुसरा दम घ्यायची कुणाची तयारी नव्हती.

तात्पर्य: भोक दिसलं की लगेच बोट घालू नये. आधी सभा बोलवावी. शहाणी मंडळी बोलत राहिली की जे वाहून जायचं ते आपोआप वाहून जातं. आपण फक्त उताराच्या वरच्या बाजूला बसावं आणि टाळ्या वाजवाव्यात.