चिमाबाईंच्या ताडाचा कोंभ

श्री. वनदेवतेचे पायीं मस्तक ठेवून आणि कानटोपी सारखी करून लिहिणार लिहितो ऐसें जे. शके सत्राशें दोन, शार्वरी नाम संवत्सर, फाल्गुन मास. उत्तरेस डोंगरांत एक राज्य होतें. तेथें पौषांत हौदाचें पाणी गोठे आणि बोलतां बोलतां तोंडांतून वाफ निघे, परंतु त्या लोकांस वेड लागलें तें उष्ण मुलुखींच्या झाडांचें. सफरचंद दारीं लगडे, त्याजकडे कोणी ढुंकून न पाहे. ताड लावावा, शिंदी लावावी आणि सायकस म्हणोन एक बुटकें झाड, ताडाचे नात्याचें नसोन तोंडवळा त्याचाच, तेंही लावावें, आणि थंडी पडतांच सर्वांस पेंढा बांधून वरून घोंगडी पांघरावी, आपण मात्र कुडकुडावें, ऐसी चाल. मग फाल्गुनांत राज्याच्या धनीण आईसाहेब बागा पाहावयास स्वारीनें निघत. धुक्यांतून पालखी चाले आणि दुतर्फा घोंगडी पांघरलेलीं झाडें उभीं असत, जणूं पाहुणे मंडळी पहाटे अंगणांत आली आणि अजून कोणी बोललें नाहीं. बागेंत स्वारी आली म्हणजे घोंगडी उतरावी आणि आईसाहेबांनीं ताडाचा मधला मिटलेला कोंभ दोन बोटांनीं हलकेच ओढावा. न ढळला तर झाड जितें, धन्यास शालजोडी. हातीं आला तर झाड आंतून कुजलें, त्याच दिवशीं कुऱ्हाड. हा शिरस्ता कोणीं घातला तें दप्तरीं नाहीं.

सातवी बाग चिमाबाई वाघमोडे यांची. त्यांचे यजमान हैबतराव समुद्राकांठीं मोहिमेस गेले होते, तेथोन पडशींत ताडाचें रोप घेऊन आले आणि म्हणाले, "वारा सुटला म्हणजे याचीं पानें वाजतील. समुद्र असाच वाजतो." पुढें हैबतराव कैलासवासी जाहले. बाईंनीं समुद्र कधीं देखिला नव्हता, परंतु रोज दोनप्रहरीं ताडाखालीं बसून डोळे मिटीत, आणि मग लाटा येत, ओठांस मीठ लागे, आणि यजमान ओल्या वाळूवरून जवळच चालत आहेत ऐसें वाटे. त्या सालीं पौषांत बर्फ फार पडलें आणि बाईंस धीर निघेना. घोंगडींत हात घालून त्यांनीं कोंभ स्वतःच ओढून पाहिला, तो हातांत आला, बुडाशीं काळा. मग बाईंनीं तो होता तेथेंच परत खोंवला, मेण लाविलें, घोंगडी गुंडाळली आणि दोन महिने कोणाशीं धड बोलल्या नाहींत.

स्वारी आली. कारभारी शिंकत शिंकत उष्ण मुलुखाची थोरवी गात होते. घोंगडी उतरली, वारा आला आणि पानें वाजलीं. आईसाहेबांनीं हात पुढें केला, तों चिमाबाई मध्यें उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आईसाहेब, ओढूं नये. कोंभ पौषांतच माझ्या हातीं आला. म्यांच परत खोंवला आहे."

कारभारी म्हणाले, "ही तर सरकारची फसवणूक. कुऱ्हाड आणवा."

"आणवावी," बाई म्हणाल्या. "पण हीं खालचीं पानें अजून वाजतात. तीं वाळेतोंवर तरी मजला ऐकूं द्या. झाड गेलें कीं माझे घरीं समुद्र उरणार नाहीं."

 आईसाहेबांची नजर कुंपणापाशीं गेली. तेथें एक सायकस, तीन वर्षें पान नाहीं, नुसता खुंट, त्यावर बाई ओलें लुगडें वाळत घालीत; त्याचे माथ्यावर कोंवळ्या पानांचें कडें फुटलें होतें. आईसाहेबांनीं पुसिलें, "याचा कोंभ कोणीं ओढला होता?"

"यास ओढावयास कांहीं नव्हतेंच, आईसाहेब. तसेंच राहून गेलें."

"आणि जगलें," आईसाहेब म्हणाल्या, आणि आज्ञा जाहली कीं कुऱ्हाड माघारी न्यावी, एक वर्ष या ताडास कोणीं बोट लावूं नये.

मग जुनीं पानें एक एक करून वाळलीं आणि कार्तिकांत समुद्र मुका जाहला. बाईंनीं तरी पेंढा बांधला. पुढील फाल्गुनीं स्वारी आली, घोंगडी उतरली, तों मधोमध एक नवें पान, वीतभर, वांकडें, टोंक कुरतडल्यासारखें. संवयीनें आईसाहेबांचीं दोन बोटें पुढें गेलीं, मध्येंच थांबलीं आणि शालींत परत आलीं. वारा आला. एकलें पान, तें काय वाजणार. परंतु चिमाबाईंनीं डोळे मिटले.

तेव्हांपासोन त्या राज्यीं कोंभ ओढण्याची चाल मोडली. झाडें कांहीं जगलीं, कांहीं गेलीं, कुऱ्हाड गंजली. ऐकिलें तैसें लिहिलें, येथें लेखणी ठेविली.