जळगावमार्गे हॉलंड

परदेशगमन हे जाणाऱ्यापेक्षा पोचवणाऱ्यांचे कार्य असते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. जाणारा नुसता विमानात बसतो. पोचवणाऱ्यांना मात्र हार, बँड, जीप, भाषणे आणि रडणे ही सगळी खाती एकाच दिवशी सांभाळावी लागतात. म्हणून एकदा पोचवलेला माणूस मुदतीआधी गावात परत दिसणे हा आमच्या खान्देशात गुन्हा नसला (कायद्यात तसे कलम नाही, ही कायद्याची उणीव) तरी गावाच्या श्रमांचा अपमान नक्कीच समजला जातो.

सोनगीरच्या भटू भदाणेला सन सत्याऐंशीच्या मार्चात असेच पोचवण्यात आले. धुळ्याला यंत्रकामाची पदविका घेतलेला हा मुलगा हॉलंडमधल्या एका कारखान्यात वर्षभरासाठी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणार्थी म्हणून निवडला गेला होता. कारखाना गाईचे दूध काढण्याची यंत्रे बनवीत असे. 'आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणार्थी' याचा अर्थ गावाने 'कलेक्टरच्या वरची जागा' असा लावला, कारण कलेक्टरचे राज्य जिल्ह्यापुरते, आणि हा तर समुद्र ओलांडणार होता.

आग्रा रोडवर गाव लोटले. गावातल्या तांबटांनी पितळेचा तांब्या दिला. सोसायटीच्या चेअरमननी भाषणात सांगितले, की आजवर बाहेरचे देश आपल्याला शिकवीत आले, आता आपला भटू हॉलंडला जाऊन दूध कसे काढतात ते दाखवून देईल. टोपी, टॉवेल, नारळ यांचा खच पडला. भटूचे वडील वनाआबा यांच्या गळ्यात त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच हार पडला, आणि त्या माणसाने तो एसटी हलेपर्यंत काढला नाही. आबांचा चेहरा त्या दिवशी ज्याने पाहिला त्याला पुढचे सगळे समजायला अडचण पडणार नाही. आबांची गावातली मान आता त्या हारावर टांगलेली होती.

मुंबईला आबा सोबत गेले. तिकिटाच्या कचेरीतल्या बाईंनी टेबलावरचा पंखा स्वतःकडे वळवून घेत सांगितले, की कारखान्याची तार आली आहे, जागा पक्की आहे, पण आता नाही, पुढच्या जानेवारीत. शहाण्या माणसाला यात रडण्यासारखे काही नव्हते. आबा मात्र बाकावर बसले ते बसलेच.

"हार आजून सुकनात नही, भटू," ते शेवटी म्हणाले. "कोणतं तोंड लई गावमा जासूत?"

तेव्हा मुलाला जानेवारीपर्यंत परदेशी ठेवणे प्राप्त होते. प्रश्न फक्त कोणत्या परदेशी, एवढाच. सुरत बाद, कारण तिथे अर्धे खान्देश राहते. नाशिकला भटूच्या दोन मावश्या, आणि मावशीला सांगितले म्हणजे रेडिओवर सांगितले. पुण्यात चेअरमनचा मुलगा शिकत होता (निदान चेअरमनची तशी समजूत होती). उरले जळगाव. धुळ्यात जे मिळत नाही ते जळगावातही मिळत नाही, असा धुळेकरांचा पक्का समज असल्याने विनाकारण तिकडे कोणी फिरकत नाही. (जळगावकरांचा समज याच्या उलट आहे, आणि तोही तितकाच पक्का आहे.) शिवाय जिल्हा वेगळा, कलेक्टर वेगळा, बोली वेगळी. परदेशाला याहून अधिक काय लागते?

अशा रीतीने भटू जळगावला उतरला आणि हॉलंडला पोचला.

परमुलखात स्थिरावताना नवख्याला भाषा, अन्न, हवामान आणि एकटेपणा यांतून जावे लागते, असे जाणकार सांगतात. भटूला यांतले काहीही चुकले नाही. जुन्या जळगावात भागाबाई नावाच्या रावेरकडच्या विधवेने त्याला खोली दिली. पहिल्याच दिवशी तिने दारातून "जेवशीन का रे भाऊ?" असे विचारले, आणि ज्याच्या कानांनी जन्मभर अहिराणीतले 'शे' (आहे) आणि 'बठ्ठा' (सगळे) ऐकले त्या मुलाला हा प्रश्न आहे की रागावणे, हे कळेना. जेवायला बसला तर भरताचे वांगे हिरवे. घरी वांगे जांभळे असते. तो घास तोंडात धरून भटूला आपल्या मायची जी आठवण आली ती आवरता आवरली नाही. भागाबाईला वाटले मिरची लागली. तिने ताक आणून दिले.

पोटापाण्यासाठी त्याने पंपाच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरून देण्याच्या दुकानात काम धरले. त्या उन्हाळ्यात केळीवाल्यांच्या मोटारी इतक्या जळल्या, की आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणार्थ्याला मान वर करायला सवड नव्हती. रविवारी तो डोक्यावर ओला टॉवेल टाकून घरी पत्र लिहायचा, की इकडे बर्फ फार, बोटे गारठतात. मे महिन्यात जळगावात बसून बर्फ लिहायला काय प्रतिभा लागते, ते तिथे एक उन्हाळा काढल्याखेरीज समजणार नाही. पाकिटावरच्या शिक्क्याची काळजी त्याला फार वाटे. ती व्यर्थ होती. शिक्का फक्त पोस्टमन वाचतो, आणि सोनगीरच्या पोस्टमनने हॉलंडच्या स्पेलिंगची चौकशी करणे आपल्या अधिकारात बसत नाही असे ठरवून टाकले होते.

तरीही भटू भिऊन असे. स्टँडकडे जायचा नाही, बाजारात भिंतीला धरून चालायचा. कोणी "शे" म्हटले की गल्ली बदलायचा. ही भीती घालवली तोताराम यांनी.

तोताराम मूळचे पहूरचे. सात वर्षांपासून लंडनला होते, म्हणजे डाळ मिलमध्ये पोती मोजायला. चहाच्या टपरीवर त्यांनी भटूला एका नजरेत ओळखले. नवीन माणूस उगाच सारखा मागे बघतो, हे त्यांनी पुष्कळांत पाहिले होते. कुठले, असे त्यांनी विचारले. भटूने खाली मान घालून हॉलंड म्हटले. तोतारामांनी त्याला बाकावर जागा करून दिली आणि म्हणाले, की चांगला देश आहे, आमच्यात अजून कोणी नव्हते.

तेव्हा भटूला कळले की आपण एकटे नाही. चोपड्याचा चैत्राम दुबईला होता. तो जिनिंगमध्ये हमालांची हजेरी घेई. जामनेरकडचा चुडामण मस्कतला असून सायकली दुरुस्त करी. मुंबईत सिनेमात असलेले तर मोजदादीत धरत नसत, तो स्वदेशच. त्या साली जळगाव शहरात अंदाजे एकोणीस देश गुण्यागोविंदाने नांदत होते. (शिरगणती खात्याने याची दखल घेतलेली नाही.) दर अमावास्येला ही परदेशस्थ मंडळी मेहरूण तळ्यावर जमून वरण-बट्टी करीत आणि मायदेशाच्या आठवणी काढीत. चुडामणचा मायदेश तिथून तासाभराच्या अंतरावर होता, पण आठवण काही अंतर बघून येत नाही. तो तर ढसाढसा रडायचा.

कोणी पाहिले तर काय, असे भटूने तोतारामांना विचारले. तोताराम म्हणाले, की पाहतातच. पहूरची माणसे रोज जळगावात असतात. माझा सख्खा चुलता मिलमध्ये तूर विकायला येतो, माझ्याकडून तंबाखूला चुना मागून घेतो, आणि घरी जाऊन माझ्या आईला विचारतो, तोताराम लंडनहून कधी येणार. अरे, माणूस डोळ्यांनी बघतो ते क्षणभर. त्याला जे ठाऊक असते ते जन्मभर.

याचा पडताळा भटूला लौकरच आला. सोनगीरचे पितांबर तांबट भांडी घेऊन जळगावला आले आणि स्टँडच्या कोपऱ्यावर समोरासमोर उभे ठाकले. भटू भिंतीला चिकटला. पितांबरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि धुळ्याची गाडी कुठे लागते ते विचारले. भटूने बोट दाखवले.

"तुम्ही आमना वनाआबाना पोऱ्यासारखा दिसतस," पितांबर म्हणाले. "पन तो हॉलंडले शे."

सोनगीरला परतल्यावर त्यांनी आबांना मुद्दाम घरी जाऊन सांगितले, की जळगावला हुबेहूब भटूसारखा एक माणूस आहे, फक्त वाळलेला आहे. आबांनी तंबाखू मळत, एकासारखी सात माणसे असतात, असे उत्तर दिले. मग ज्याला त्याला जळगावात काम निघू लागले. सोनगीरकर येत, भटूसारखा माणूस बघत, त्याला गाडीची वेळ विचारत आणि समाधानाने परत जात. एका बाईने तर, आमच्या गावच्या मुलासारखा दिसतोस, म्हणून त्याला डुबुकवड्यांचा डबा दिला, आणि रिकामा डबा त्याच्या घरी, म्हणजे त्याची आई कमलबाई हिच्याकडे, परत पोचवायचे कबूल केले. गावाला खरे ठाऊक होते की नव्हते, हे सांगणे कठीण आहे. गावाला ते ठरवायची गरज वाटली नव्हती, एवढे खरे.

जानेवारी आला. तार आली, तिकीट आले. आता भटू खरोखरच हॉलंडला जाणार होता. पण त्याला पोचवणार कोण? गाव तर पोचवून मोकळे झालेले. आबांनी यायचे म्हटले तर विचारणार, कुठे निघालात. मायने नुसते निरोपाला दारात उभे राहायचे म्हटले तरी पंचाईत, कारण गेलेला मुलगा दारातून पुन्हा जातो कसा? शेवटी परदेशस्थ मंडळी स्टेशनवर आली, तीही नाराजीने. तोतारामांनी स्पष्टच विचारले, की इतका छान स्थिरावला होतास, मग हे कशाला? हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये. भागाबाईने दशम्या बांधून दिल्या आणि कुठे चाललास ते विचारले नाही.

गावाला मुदत वाढल्याचे पत्र धाडून तो हॉलंडात वर्षभर राहिला. पाऊस सारखा, ऊन नावाला. दुपारी थंड पावावर थंड चीज, आणि आणखी एक घे म्हणणारे कोणी नाही. शेजारी सायकलवरून जाताना मान हलवीत, घरात बोलावीत नसत. कोणी गाव विचारले की त्याच्या तोंडून सवयीने जळगाव निघे. काम मात्र तो मन लावून शिकला. कारखान्याने त्याच्या कामाची वाखाणणी केली, बर्फात उभा करून फोटो काढला.

इकडे सोनगीरमध्ये काळजी पसरली. जळगावला जाऊन आलेले लोक गुपचूप सांगू लागले, की भटूसारखा माणूस कुठे दिसत नाही. बायका कमलबाईकडे हळूच येऊन विचारू लागल्या, की हॉलंडला सगळे ठीक आहे ना, पोराने ते सोडून भलतीकडे तर पाय काढला नाही ना. चेअरमनने आबांना बाजूला घेऊन धीर दिला. ज्या वर्षी मुलगा खरोखर परदेशी होता त्या वर्षी आबांची मान खाली गेली, हे मुद्दाम नमूद करून ठेवतो.

वर्षाने भटू परतला. विमानाने मुंबई, तिथून एसटीने थेट गाव. सत्कार झाला, कारण पोचवल्यावर आणणे हे ओघानेच आले. त्याने दूध काढण्याच्या यंत्राबद्दल सांगितले, लोकांनी माना डोलावल्या. चीज वाटले, लोक म्हणाले डेअरीचा माल हल्ली सुधारला आहे. बर्फातला फोटो हातोहात फिरला आणि सगळ्यांनी स्टुडिओच्या पडद्याची तारीफ केली. कोणी खोटे म्हणाले नाही. एका तोंडानेही नाही. भटू विमानाचे बोलायला लागला की लोक "हो, हो" म्हणत आणि त्याच्या पाठीवरून इतक्या प्रेमाने हात फिरवत, की त्याला ओरडावेसे वाटे. खरे सांगायला बसलेल्या माणसावर इतकी दया कोणी करू नये.

"कथाबी ऱ्हावो, घर उना ना," माय म्हणाली (कुठेही असो, घरी आला ना), आणि वाढायला उठली.

मंडपातली माणसे पांगल्यावर आबा खाटेवर त्याच्याजवळ सरकून बसले. गळ्यातला हार त्यांनी या वेळी आपणहून काढून ठेवला होता.

"आते बठ्ठा गयात," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माले तरी खरं सांग. वरीसभर कथा व्हता तू?"

"हॉलंडले, आबा."

 आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं शे. असंच सांगत ऱ्हाय."

वाचकांसाठी खुलासा असा, की भटू भदाणे हॉलंडला गेला होता. पासपोर्टावर शिक्के आहेत, ते प्रस्तुत लेखकाने स्वतः बघितले आहेत. आपण सुशिक्षित आहात, तेव्हा आपला विश्वास बसलाच असेल. फक्त एक बारीक गोष्ट. जळगावचे सगळे आपण चवीने वाचलेत आणि हॉलंडच्या त्या चार ओळींवरून भरकन पुढे गेलात; आणि आत्ता शिक्क्यांचे वाचताना तोंडातल्या तोंडात "हो, हो" म्हणालात. सोनगीरच्या मतदारयादीत आपले नाव घालायला आमची काही हरकत नाही.