बायजाआत्यांचा लेप

आमच्या बायजाआत्या मान्साची खुशाली मागनं इचारायच्या, आधी तोंड निरखायच्या. कुनाच्या गालावर पुटकुळी दिसली की म्हनायच्या, "खरं सांग, काय खाल्लंस?"

माझ्या मालकाची ही थोरली आत्या. नवऱ्यानं तरनेपनीच माघारी धाडलेली, तवापासनं आमच्यातच. डाव्या गालावरचा पदर कदी ढळला न्हाई.

त्या साली पाऊस न्हवता. मिरजगावाकडं रस्त्याच्या कामावर आमी समद्या बाया खडी फोडायला जायचो. घरात दिव्याला तेल न्हाई, आन् माझी ननंद सुली, तिचं तोंड पुटकुळ्यांनी भरलं तर आत्या म्हनत्यात, "चोरून भजी खाती."

"आत्या, भजी कशी दिसत्यात ते बी इसरले मी," सुली म्हनायची.

मुकादमाच्या नाकावर एक आली, तर आत्यांनी भर कामावर इचारलं, "मुकादम, आमच्या वाट्याची सुकडी तुमीच खाल्ली व्हय?" मुकादम नाक झाकून पळाला. दुसऱ्या दिशी कामावर खायला वाटत्यात ती सुकडी जरा जास्तच मिळाली.

सुलीला बघायला काष्टीचं पाव्हनं येनार हुतं. असल्या दिसात दुसरं स्थळ कुठलं यायला. आत्यांनी इलाज काढले. कडूलिंबाचा पाला वाटून लावला, जायफळ उगाळून लावलं, सकाळची शिळी थुकी तर रोजच. एकदा म्हनल्या, "तुझी पुरत नसंल तर माझी घे." सुली पार रस्त्यापतुर पळाली.

कामावर देवी टोचायला नर्सबाई आल्या. आत्यांनी सुलीला पुढं ढकललं. बाई म्हनल्या, "वयात आल्यावर येतात या. खाण्याचा दोष नाही. तोंड साध्या पाण्यानं धुवा आणि नखं लावू नका. फोडल्या की खड्डे पडतात, ते जात नाहीत."

आत्यांनी पदर आनखी वढला. "खान्याचा न्हाई?" येवढंच बोलल्या. लेप काई सोडला न्हाई, पर तवापासनं खडी फोडता फोडता एक डोळा सुलीच्या हातावर. हात गालाकडं गेला की चापट.

पाव्हनं आलं. पोराच्या मावशीनं सुलीची हनुवटी धरली. "रंग बरा हाय, पर तोंड असं का वो? रोगबिग न्हाई ना?"

आत्यांनी पदर मागं सारला. येवढी वर्सं एका चुलीवर जेवलो, पर तो गाल मी तवा पयल्यांदा बघितला. चाळनीवानी.

"ह्ये बघा. मला कुनी सांगितलं न्हाई, मी फोडल्या. ह्याच तोंडापायी मला माघारी धाडली. हिनं नख लावलेलं न्हाई, हिच्या जात्याल. पटत असंल तर व्हय म्हना, न्हाई तर निघा. चहा तेवढा पिऊन जावा, गूळ शेजारचा हाय."

पोराच्या बापानं बशी खाली ठिवली. "पोरगी पसंत हाय," म्हनला.

आत्यांनी लगीच पोराचं कपाळ निरखलं. "ती काय रं तिथं? खरं सांग, काय खाल्लंस?"

लगीन झालं, सुली गेली. सकाळी बघते तर आत्या पाट्यावर कडूलिंबाचा पाला वाटीत बसलेल्या.

"आता कुनाला, आत्या?"

"हाताला सवय लागली गं," म्हनल्या. मंग लेप आपल्याच डाव्या गालाला लावला, आन् तो वाळंपतुर भिंतीकडं तोंड करून बसून ऱ्हायल्या.